नानांची वही आणि बंद महिने

गेल्या जूनमधली गोष्ट. माझा नातू भिजून घरी आला, कॅमेऱ्याची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि जेवायला नको म्हणाला. सतरा वर्षांचा मुलगा जेवायला नको म्हणतो तेव्हा आम्ही नान्या आधी कपाळाला हात लावून बघतो. ताप नव्हता. मगरिबनंतर तो आपणहून बोलायला लागला.

फोटो काढणाऱ्या मुलांच्या एका गटाबरोबर तो नवरंग पक्ष्याचे घरटे बघायला गेला होता. पावसाच्या तोंडाशी हा पक्षी आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या डोंगरउतारांवर येतो आणि जमिनीलगत किंवा खालच्या फांदीवर काटक्या-पानांचा गोळा करून त्यात अंडी घालतो. रंग असे, की बघणाऱ्याला खरे वाटू नये. गटातल्या कुणीतरी घरटे शोधले होते आणि जागा सगळ्यांना मोबाइलवर पाठवली होती. दोन रविवार लोक येत राहिले. समोरची पाने मध्ये येतात म्हणून कुणीतरी दोन फांद्या छाटल्या. माझा नातू पोचला त्या दिवशी आठ-दहा जण छत्र्या लावून बसले होते. त्याला फोटो मिळाला, चोचीत गांडूळ धरलेला, अगदी कॅलेंडरवर छापावा असा. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गेला तर गोळा फाटलेला होता आणि भारद्वाज तिथेच झुडपात फिरत होता. छाटलेल्या फांद्यांमुळे घरटे उघडे पडले होते.

"नानी, आम्ही तर फक्त फोटो काढले," तो म्हणाला. "मारले कुणीच नाही."

मी उठले आणि आतल्या कपाटातून माझ्या नानांची वही आणली.

मोती आणि पाच बदके

वहीबरोबर एक फोटोही आहे. आग्फा क्लिक-३ नावाचा साधा पेटी कॅमेरा त्या काळी बऱ्याच मध्यमवर्गीय घरांत असे. एका रिळात बारा फोटो, चौकोनी, आणि धुऊन येईपर्यंत काय आले ते कळायचे नाही. हा फोटो माझ्या मामूंनी काढलेला. नाना बांधावर उकिडवे बसलेत, मांडीवर बारा बोअरची दुनळी, समोर गवतावर पाच बदके ओळीने ठेवलेली. आणि शेजारी मोती. गावठी आई आणि कुण्या साहेबाच्या स्पॅनियलची ही औलाद. अर्धा काळा, अर्धा पांढरा. कॅमेऱ्याकडे सगळे बघताहेत, मोती मात्र बदकांकडे बघतोय.

आमच्या अम्मीने हा फोटो कधी भिंतीवर लावू दिला नाही. नमाजच्या खोलीत जिवंत प्राण्याचे चित्र नको हे एक, आणि कुत्रा घरात कशाला, हे दुसरे. मोती हयात असतानाही ओटीच्या पलीकडे आला नव्हता. त्याची थाळी वेगळी, जागा वेगळी. आम्ही कोकणी लोक शाफ़ई. कुत्र्याची लाळ लागलेले भांडे सात वेळा धुवायचे, त्यातले एकदा माती लावून, हा नियम नानी शब्दशः पाळत असत. मोतीने तोंडात धरून आणलेला पक्षीही त्या तसाच धूत. विहिरीवर बसून, पुटपुटत, मोजत. नाना शिकारीच्या गप्पा मारत, पण त्या शिकारीचा अर्धा कष्ट नानींचा होता, हे कुणी फोटोत घेतले नाही.

मात्र कुत्रा पाळावा की नाही, यावर नानांचे उत्तर पक्के होते. शिकार, जनावरांची राखण आणि शेताची राखण या तीन कामांसाठी कुत्रा ठेवायला परवानगी आहे, हे हदीसमधून आपल्याला माहीत आहे. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावराने धरलेला जीव हलाल ठरवला आहे. अट एवढीच की त्याला सोडताना अल्लाहचे नाव घ्यावे. आणि हदीसमध्ये पुढची अट आहे, की जनावराने धरलेल्यातले स्वतः खाल्ले तर ते त्याने तुमच्यासाठी धरलेच नाही. म्हणून मोतीचे शिक्षण फार कडक होते. नाना त्याच्या तोंडात कच्चे अंडे देत आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालवत. अंडे फुटले तर त्या दिवशी शाबासकी नाही. वर्षभराने तो अंडे न फोडता आणायला लागला.

या मऊ तोंडाला आणखी एक कारण होते. छऱ्याने मेलेला पक्षी चालतो की नाही यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. नाना वाद घालत नसत. खिशात छोटी सुरी ठेवत. पक्षी पडला की मोती सुटायचा, आणि त्याने जिवंत आणला तर नाना तिथेच बिस्मिल्लाह म्हणून ज़बह करत. म्हणजे आमच्या ताटातले बदक निःशंक होण्याचा हिशेब मोतीच्या चार पायांवर अवलंबून होता. तो जितका वेगाने जाई आणि जितक्या हळुवार धरी, तितका नानींचा जीव शांत.

मी दहा वर्षांची असेन तेव्हा दोन-तीन वेळा नानांबरोबर गेले. आमचे गाव भिवंडी तालुक्यात, खाडीच्या काठाला. फज्रची नमाज पढून निघायचे. भात कापून झालेले, खाचरात घोट्याएवढा चिखल. पाणलावा त्या चिखलात असा बसतो की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. मग एकदम चरचरीत आवाज करून उठतो आणि नागमोडी उडत जातो. दहातल्या आठ वेळा नानांचा बार फुकट जायचा. मोती मागे वळून त्यांच्याकडे असा बघायचा की आम्हाला हसू आवरत नसे. बदके पुढे खाजणात. चक्रांग आणि तलवार बदक उत्तरेकडून थंडीत येणारी, अडई आणि चोचीवर पिवळा-तांबडा रंग असलेले हळदी-कुंकू बदक इथलेच. मला थंडी, चिखल आणि नानांच्या डगल्याचा बारुदाचा वास आठवतो. पक्षी पडला की वाईट वाटायचे, आणि दुपारी त्याचा रस्सा आवडीने खायचे, हेही आठवते. दोन्ही खरे आहे.

वहीतले रकाने

आता ती वही. शाळेतली साधी दोनशे पानी. डावीकडे तारीख, मग जागा, वारा कुठून, काडतुसे किती उडाली, पक्षी किती दिसले आणि किती घेतले. लक्षात घ्या, दिसले हा रकाना आधी आहे. आणि शेवटच्या पानावर पक्ष्यांची यादी, प्रत्येकापुढे महिने. पाणलावा : दिवाळी ते होळी. तितर : पाऊस संपेपर्यंत नाही. लावा : हाक ऐकू येते तोवर नाही. अडई आणि हळदी-कुंकू : पावसाळा पूर्ण बंद. हरियल : नानांनी पुढे फक्त एक फुली मारली आहे. हरोळी, पारवे यांच्यावर त्यांनी बार टाकला असेल, पण हरियल त्यांना आवडायचा. पुढे तोच महाराष्ट्राचा राज्यपक्षी झाला, याचा त्यांना फार अभिमान. जणू शिफारस त्यांनीच केली होती.

हे बंद महिने नानांच्या मनचे नव्हते. इंग्रजांच्या काळात १८८७ मध्ये पक्ष्यांच्या विणीच्या हंगामाला संरक्षण देणारा पहिला कायदा आला, तो नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीपुरता. १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना कुठल्या पक्ष्यासाठी कुठला काळ बंद हे जाहीर करण्याचा अधिकार दिला. दंड किरकोळ, पकडणार कोण हाही प्रश्न. मुंबई राज्यात खरा फरक पडला तो १९५१ च्या वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षण कायद्याने. त्याचा मसुदा घडवण्याचे श्रेय हुमायून अब्दुलअली यांना दिले जाते. हे नाव आपल्या घराघरांत माहीत असायला हवे होते, आणि नाही. १९१४ मध्ये जपानमधल्या कोबे शहरात जन्मलेले, सलीम अलींचे नातलग, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव. सलीम अली आणि ते या दोघांनी मिळून मुंबई आणि साष्टी बेटावरच्या पक्ष्यांची सविस्तर नोंद १९३० च्या दशकात सोसायटीच्या नियतकालिकात छापली. साष्टी म्हणजे ज्या बेटावर आपले ठाणे शहर वसले आहे तेच. आणि हे अब्दुलअली स्वतः बंदूक घेऊन रानात जाणारे होते! कुठला पक्षी कधी जोडी करतो, कधी अंडी घालतो, कधी पिल्ले उडतात, हे ज्याला पायी फिरून माहीत होते, त्याच्याच हातून बंद महिन्यांचा कायदा आला.

सलीम अलींची गोष्ट तर शाळेच्या पुस्तकातही असते. १२ नोव्हेंबर १८९६ चा जन्म, लहानपणीच आई-वडील गेले, मुंबईत खेतवाडीत मामू अमिरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढले. छऱ्याच्या खेळण्यातल्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग. मामू शिकारी, सोसायटीचे सभासद. त्यांनी भाच्याला सोसायटीत पाठवले. तिथे सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दाखवला आणि पेट्यांमधले शेकडो पक्षी उघडून दाखवले. एवढे सगळ्यांना ठाऊक आहे. कमी लोकांना ठाऊक आहे ते असे, की त्याच वयात या मुलाने आणखी एक टिपण लिहून ठेवले होते. एका भोकातल्या चिमणीच्या मादीजवळचा नर त्याने मारला, तिने दुसरा नर आणला, तोही मारला. सात दिवसांत आठ नर. आज वाचताना अंगावर काटा येतो. सुनन नसाईमध्ये एक रिवायत आहे, की उगाच मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी आपल्या मारणाऱ्याची तक्रार करील. मी नातवाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मग सलीम अलींचे काय?" मी म्हटले, "त्यांचा हिशेब अल्लाहकडे. आपल्याला एवढे दिसते, की त्या मुलाने मारलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंद केली, आणि नोंद करता करता तो बघायला शिकला."

मोजण्याचेही दोन प्रकार असतात. बादशहा जहाँगीरने आपल्या आठवणींत शिकारीचा हिशेब दिला आहे. स्वतःच्या हाताने मारलेले १७,१६७ जीव, त्यांपैकी १३,९६४ पक्षी. याच जहाँगीरने सारसाच्या जोडीचे अंडी उबवणे दिवसचे दिवस बघून लिहून ठेवले आणि उस्ताद मन्सूरकडून पक्ष्यांची अशी चित्रे काढून घेतली की अभ्यासक आजही त्यावरून जात ओळखतात. एकाच माणसात दोन्ही. पण भरतपूरच्या केवलादेव तलावावर जो दगड आहे, त्यात फक्त एकच गोष्ट आहे. कुणी, कोणत्या दिवशी, किती पाडले. व्हॉइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडल्याची नोंद तिथे आहे. तारीख १२ नोव्हेंबर १९३८. सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस. आता आपल्या राज्यात मारुती चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर असे दोन जन्मदिवस जोडून पक्षी सप्ताह पाळतात, तेव्हा मला दरवर्षी तो दगड आठवतो.

खाडीचा वास

१९७२ मध्ये देशभरासाठी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. लोक समजतात की तेव्हाच शिकार संपली. तसे नाही. छोट्या शिकारीचे परवाने त्या कायद्यातही होते. नियम बारीक होते. सूर्यास्तानंतर नाही, गाडीतून नाही, जाळे-विष नाही, बंद काळात नाही. आणि कुत्र्याविषयी एक कलम होते ते नाना मोतीला वाचून दाखवायचे. कुत्र्याच्या मदतीने कुठल्याही वन्य प्राण्याची शिकार करता येणार नाही. अपवाद पाणपक्षी, चकोर, तितर आणि लावा. "बघ, तुझे नाव कायद्यात आले," असे म्हणून ते त्याच्या कानामागे खाजवत, आणि मग हात धुवायला उठत. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवान्यांचे सगळे प्रकरणच काढून टाकले. तेव्हापासून छंद म्हणून पक्षी मारण्याला देशात कायदेशीर जागा राहिलेली नाही.

नानांनी मात्र त्याच्या बऱ्याच आधी थांबवले. वहीतली शेवटची मोठी नोंद १९७४ च्या डिसेंबरची आहे. बदके बारा दिसली. काडतूस शून्य. वारा उत्तरेचा. आणि पुढे एक वाक्य, पाण्याला वास आहे, मोतीला पाण्यात सोडला नाही. आदल्या आठवड्यात मोती खाडीत उतरला होता आणि त्याच्या पोटाला, पायांना लाल पुरळ उठले होते. नानी हळद-तेल लावत होत्या. अंबरनाथपासून डोंबिवलीपर्यंत कारखाने उभे राहिले होते, वालधुनी आणि उल्हासचे पाणी रंग बदलू लागले होते, गावाची मैलापाण्याची वाट तीच होती. त्यानंतर खाजणावर भराव पडत गेला. आज तिथे इमारती आहेत. त्यांतल्याच एकीत माझी भाची राहते, त्यामुळे मी फार बोलू शकत नाही.

माझे मत विचाराल तर आपल्या खाडीवरची बदके कमी होण्याचा दोष एकट्या बंदुकीवर ढकलणे सोपे आहे आणि अपुरे आहे. बंदुकीने मारले, यात शंका नाही. पण बंदूकवाल्याला पुढच्या वर्षी पक्षी हवा होता. भराव टाकणाऱ्याला पुढच्या वर्षी पक्षी नकोच होता.

मोती १९७६ मध्ये गेला. नानांनी बंदूक जमा केली. परवाना नूतनीकरणाला पुढे कुणी गेले नाही.

कॅमेऱ्याला बंद महिना नाही

आता मूळ गोष्टीकडे येते. माझ्या नातवाचे म्हणणे असे होते, की त्याने मारले नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच त्याला कुणी थांबवले नाही. नानांच्या बंदुकीला दिवाळीपर्यंत कुलूप असायचे. कॅमेऱ्याला कुलूप नाही. अभयारण्यात फोटो काढायला वनखात्याची परवानगी लागते, ते वेगळे. पण घराजवळच्या टेकडीवर, तळ्याकाठी, पडीक जमिनीवर बाराही महिने मोकळीक आहे. उलट सर्वांत जास्त गर्दी नेमक्या त्याच महिन्यांत होते जे नानांच्या वहीत बंद होते. विणीच्या वेळी पक्ष्याचे रंग खुलतात, तो गातो, घरट्याकडे पुन्हा पुन्हा त्याच फांदीवरून येतो. फोटो सोपा मिळतो. शिकाऱ्यालाही तो तेव्हाच सोपा मिळाला असता, म्हणून तर बंदी होती.

हज-उमऱ्याला गेलेल्यांना हे चटकन समजेल. एहराममध्ये जमिनीवरची शिकार मना आहे. शिकार एरवी हलाल असूनही त्या काळात नाही. स्वतः मारायचे नाहीच, हेतुपुरस्सर मारलेच तर बदला द्यावा लागतो. हात आपला, जनावर समोर, आणि तरी थांबायचे. मी जेव्हा उमऱ्याला गेले तेव्हा मला तिथल्या कबुतरांत फिरताना नानांची वही आठवली होती, हे कबूल करते.

घरट्यातल्या पक्ष्याचे नेमके काय बिघडते? आई-बाप जवळ माणूस असला की खाऊ घेऊन लांब बसून राहतात. पिल्ले तेवढा वेळ उपाशी, किंवा अंडी तेवढा वेळ पावसात थंड. कावळा आणि भारद्वाज माणसांवर नजर ठेवून असतात. माणसे जिथे थांबतात तिथे काहीतरी असते, हे ते शिकलेले आहेत. पाने छाटली की सावलीही गेली आणि आडोसाही. मोबाइलवरून पक्ष्याची हाक वाजवली तर नर आपल्या हद्दीत दुसरा नर आला समजून काम सोडून भांडायला येतो. रात्री घुबडाच्या तोंडावर फ्लॅश मारला तर ते काही वेळ नीट बघू शकत नाही. यातले एकही काम बंदुकीचे नाही.

नातवाने यावर हुशारीचा प्रश्न विचारला. सगळे पक्षी पावसातच घरटी करतात का? नाही. सुगरण, कमळपक्षी, पाणकोंबडी, नवरंग यांचा पावसाळा. पण वेडा राघू उन्हाळ्यात मातीच्या कडेला बीळ करतो, टिटवी मार्चपासूनच उघड्या मैदानावर खड्यांमध्ये खड्यासारखी अंडी घालते, आणि धनेशाची मादी उन्हाळ्यात ढोलीत स्वतःला बंद करून घेते. म्हणून एकच बंद महिना सगळ्यांना लागू होत नाही. म्हणूनच नानांच्या शेवटच्या पानावर प्रत्येक पक्ष्यापुढे वेगळे महिने होते. त्या पानाची एक प्रत आता नातवाच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत आहे. त्यात तितर-बदकांच्या खाली त्याने स्वतः पंधरा-वीस नावे वाढवली आहेत.

टिटवीवरून कुत्र्यांचे आले. कल्याण-डोंबिवलीच्या कडेच्या मैदानांवर सकाळी लोक कुत्री मोकळी सोडतात. कुत्र्याचा काही दोष नाही. त्याचे नाक त्याला जमिनीवरच्या अंड्यांकडे नेते. मोती नानांच्या एका शिट्टीवर जागेवर बसत असे. आजचे लाडके कुत्रे शिट्टीला दाद देत नाही, तर निदान मार्च ते ऑगस्ट त्याला दोरीवर ठेवावे. खाडीकाठच्या चिखलात, जिथे थंडीत बारीक पाणपक्षी चरत असतात, तिथे तर बाराही महिने.

काळा कुत्रा, पांढरा बगळा

नोव्हेंबरात मी नातवाला घेऊन आमच्या गावाला गेले. खाजण राहिलेले नाही, पण चार खाचरे अजून आहेत. तिथे शेतावरचा एक कुत्रा आहे, काळाकुट्ट, राखणीचा. नातू त्याचे फोटो काढत बसला. पहिल्या काही फोटोंत कुत्रा राखाडी आला. याला कारण आहे. समोर सगळे काळे असले की कॅमेऱ्याला वाटते उजेड कमी आहे, आणि तो उजेड वाढवतो. पांढऱ्या बगळ्याच्या बाबतीत उलट. तो उजेड कमी करतो आणि बगळा मळका येतो. काळ्यासाठी उजेड थोडा खाली आणायचा, पांढऱ्यासाठी वर. मोती अर्धा काळा, अर्धा पांढरा. त्या पेटी कॅमेऱ्याचा बिचाऱ्याचा गोंधळ झाला असणार. फोटोत मोतीची काळी बाजू म्हणजे नुसता शाईचा डाग आहे.

मग मी त्याला गुडघ्यावर बसायला सांगितले. उभ्याने काढलेल्या कुत्र्याच्या फोटोत पाठ आणि जमीन येते. त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आले की चेहरा येतो. हे मला कुणी शिकवले नाही. मामूंचा तो फोटो बघून कळले, कारण त्या दिवशी ते बांधाच्या खाली चिखलात उभे होते. पळणाऱ्या कुत्र्यासाठी शटर एक हजारांशाच्या आसपास तरी हवे, म्हणजे पाण्याचे थेंब हवेत गोठतात. सकाळचा तिरपा उजेड, वारा तोंडावर, आणि मालकाला विचारून. हे शेवटचे अगदी महत्त्वाचे, राखणीच्या कुत्र्याला आपली ओळख नसते.

कुत्रा एकदम थांबला. मान खाली, एक पाय उचललेला. कुणी शिकवलेला नव्हता. त्याच्या पुढे हातभर अंतरावरून चरचर करून पाणलावा उठला आणि नागमोडी निघून गेला. नातवाचे बोट दाबले गेले तेव्हा फोटोत नुसते आभाळ आले. मी इतकी हसले की बांधावर बसावे लागले. नानांचा बारही असाच जायचा.

तो म्हणाला, "नानी, परत उठवू या का?" मी म्हटले, "एकदा उठवला पुरे. रात्रभर कुठून कुठून उडून आलाय, त्याला चरू दे." तो थांबला. मग आम्ही तासभर नुसते बसलो. बसून राहिले की पक्षी तुम्हाला विसरतो. तो पुन्हा चरायला लागला की समजायचे, आता फोटो काढायला हरकत नाही. दुसरा एक पाणलावा बांधाच्या सावलीत चिखलात चोच खुपसत होता, त्याचे तीन फोटो मिळाले. तीन पुरे झाले. मामूंच्या रिळात बाराच असायचे.

आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी मुलांना हा छंद लागला आहे, त्यांना दोन-चार गोष्टी सांगते. ठाण्याच्या खाडीचा एक भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर यादीत जागा मिळाली. ऐरोलीला वनखात्याचे केंद्र आहे, तिथून बोटीने फिरवतात. थंडी सुरू झाल्यापासून मे महिन्यापर्यंत गुलाबी थवे दिसतात, आणि भरती-ओहोटीची वेळ बघून गेले तर जास्त दिसतात. बायका-मुलांसह जायला ही जागा उत्तम. फोटो टाकताना घरट्याची किंवा घुबडाच्या झाडाची जागा लिहू नये, मोबाइलमधली जागेची नोंद बंद ठेवावी. बाजारात कुणी तितर किंवा रानबदक आणून दिले तर घेऊ नये, घेणाराही गुन्हेगार ठरतो. पोल्ट्रीत वाढवलेला जपानी लावा ही वेगळी गोष्ट, तो खुशाल खावा. आणि पिंजऱ्यातला पोपट. आपल्या कितीतरी घरांत तो आहे, सलाम करतो, पाहुण्यांना नावाने हाक मारतो. रानातला आपला पोपट पाळणे कायद्याने बंद आहे. हे वाचून काही भगिनी माझ्यावर रागावतील, पण वनखात्याला कळवून तो सोपवावा. एकदम उडवून देऊ नये, पिंजऱ्यात वाढलेल्याला पंख असूनही जगता येत नाही.

वहीत १९७४ नंतर कोरी पाने होती. आता तिथे नातवाचे अक्षर सुरू झाले आहे, माझ्याहून वाईट. तारीख, जागा, वारा, दिसले किती. "घेतले" हा रकाना त्याने खोडला नाही, त्यात फोटोंचा आकडा लिहितो. या जूनच्या पानावर वर फक्त एक ओळ आहे : नवरंग, ऑगस्टअखेरपर्यंत बंद. गटातल्या मुलांनी पुन्हा बोलावले होते. तो गेला नाही, आणि त्यांतले आणखी दोघे गेले नाहीत असे मला उडत उडत कळले.

मोतीचा फोटो त्याला मोठा करून भिंतीवर हवा आहे. माझी मुलगी नको म्हणते, अगदी तिच्या नानीच्या सुरात. सध्या तो कपाटातच आहे.